मगरीचा शेवटचा टेक

फोन आला तेव्हा मी घाटकोपरला एका दातांच्या लॅबमध्ये होते. कवळ्या आणि कॅपा बनवणारी लॅब. त्यांनी नवीन कॉम्प्युटर घेतला होता आणि माझ्या प्रोग्रॅममधून छापलेल्या चिठ्ठ्यांवर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन येत होते. पेशंटचं नाव चौकोन, डॉक्टरांचं नाव चौकोन, ‘वरचा जबडा’ हेही चौकोनच. लॅबवाल्यांना वाटत होतं व्हायरस शिरलाय. मला दारातूनच कळलं होतं की नव्या मशीनवर तो फॉन्ट नाही. मी फॉन्ट प्रोग्रॅमसोबतच देऊन टाकला, म्हणजे यापुढे कॉम्प्युटर कुठलाही असो, अक्षरं छापली जाणार. चहा येईपर्यंत काम झालं होतं.

असलं काम मला आवडतं. लोकांना वाटतं सॉफ्टवेअर म्हणजे मोबाईलचं. मी डेस्कटॉपचं लिहिते. दुकानातल्या, लॅबमधल्या, क्लासमधल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर जो प्रोग्रॅम सकाळी उघडतात आणि संध्याकाळी बंद करतात, तो. बोरिवलीला घरातल्याच एका खोलीत माझं ऑफिस आहे, आणि मुलुंडपासून अंधेरीपर्यंत माझी गिऱ्हाइकं पसरलेली आहेत. त्यांच्या तक्रारी फार वेगवेगळ्या नसतात. तारीख उलटी पडते, दिवसाच्या जागी महिना जातो. प्रिंटर बंद असला की प्रोग्रॅमच बंद पडतो. माझ्याकडे चालतं, त्यांच्याकडे चालत नाही. आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द: हँग झालं. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकले आहे. अडचण नवीन वाटली तरी बहुतेक वेळा ती ओळखीचीच असते, फक्त घाबरलेल्या माणसाच्या तोंडून आलेली असते.

त्या दिवशी फोनवरचा माणूस चांगलाच घाबरलेला होता. अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट. माझ्याच वयाचा, एरवी थंड डोक्याचा.

“अगं, वाट लागली,” तो म्हणाला. “मावशींचा टेक गेला.”

“गेला म्हणजे नक्की काय झालं? पहिल्यापासून सांग.”

“शेवटचा सीन त्यांनी एका दमात केला. काय केला यार! मी स्टॉप दाबलं आणि खिडकी पांढरी पडली. नॉट रिस्पॉन्डिंग. वाट बघितली, वाट बघितली, मग मालक म्हणाले बंद कर, म्हणून बंद केला. परत उघडला तर फाईल आहे, पण लांबी शून्य. काहीच वाजत नाही.”

“त्यानंतर काही रेकॉर्ड केलंस?”

“नाही अजून. मालक म्हणतायत लगेच दुसरा टेक घेऊ.”

“घेऊ नका. त्या कॉम्प्युटरला कोणी हात लावायचा नाही. काही पुसायचं नाही, काही नवीन टाकायचं नाही. मावशींना कळलंय?”

“बाहेर सोफ्यावर बसल्यात. आम्ही काही सांगितलेलं नाही.”

“मी मेट्रोने येते,” म्हटलं आणि लॅपटॉप बॅगेत टाकला.

मावशी म्हणजे साठी ओलांडलेली एक नटी. सगळा स्टुडिओ तिला मावशीच म्हणतो, मीही. मूळची मालवणकडची, वडील गिरणीत होते, आणि ती स्वतः कामगारांच्या नाट्यस्पर्धांतून पुढे आलेली. आता मुलुंडला राहते. लहान मुलांच्या एका कार्टून मालिकेचं मराठी डबिंग या स्टुडिओत चालायचं आणि त्यातल्या म्हाताऱ्या मगरीचा आवाज तिचा. ही मगर सगळ्या खाडीला धाकात ठेवते आणि सगळ्या खाडीची काळजीही वाहते. लिहून आलेली वाक्यं मावशी वाचायची, पण मधेच एखादा मालवणी हेल असा लावायची की दिग्दर्शकही तो काढू द्यायचा नाही. माझी मुलगी रोज सकाळी बेसिनपाशी उभी राहून त्या मगरीच्या आवाजात म्हणायची, “दात घासा, नायतर माझे बघा!”

त्या दिवसाची घाई मात्र वेगळ्या कारणासाठी होती. मावशीच्या घशात, स्वरयंत्रावर, गाठ निघाली होती. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं होतं, संध्याकाळीच तिला दाखल व्हायचं होतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की नंतर कित्येक आठवडे बोलणं बंद, आणि परत येणारा आवाज हाच असेल असं धरून चालू नका. म्हणून मालिकेच्या शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग अलीकडे ओढून घेतलं होतं. त्या भागात मगर खाडीतल्या सगळ्यांवर ओरडून ओरडून त्यांना पुरातून बाहेर काढते. तोच टेक गेला होता. दुसरा घ्यायचा म्हटलं तरी घसा तेवढं ओरडणार कुठून?

मेट्रोत उभ्या उभ्या मी तो प्रोग्रॅम मनात उघडून बघत होते. तो मी लिहिलेला नव्हता. लिहिणारा माणूस परदेशी गेला होता आणि काही महिन्यांपूर्वी मालकांनी तो माझ्याकडे सोपवला होता. पहिल्यांदा वाचला तेव्हाच मी त्यांना म्हटलं होतं, बाकी सगळं नंतर बघू, आधी सेव्हिंगचं काम करू. ते म्हणाले होते, मालिका संपू दे.

डेस्कटॉपच्या प्रोग्रॅममध्ये खिडकी रंगवणं, बटण दाबलेलं ओळखणं, अक्षर उमटवणं ही कामं एकामागून एक, एकाच रांगेत होतात. त्या रांगेत कोणी मोठं काम घुसवलं की मागची सगळी कामं खोळंबतात. खिडकी पांढरी पडते, माणूस दहा वेळा क्लिक करतो, ते दहा क्लिकही रांगेत जाऊन बसतात. या प्रोग्रॅममध्ये स्टॉप दाबल्यावर अख्खं रेकॉर्डिंग दुसऱ्या खोलीतल्या सर्व्हरवर पाठवायचं काम त्याच रांगेत ठेवलं होतं. छोट्या टेकला कोणाच्या लक्षात यायचं नाही. लांब टेक असला आणि त्याच वेळी सर्व्हर रेंगाळला, की संपलं. हे नव्याण्णव टक्के असंच झालेलं असणार, हे मला माहीत होतं. प्रश्न एवढाच होता की आवाज सर्व्हरवर जायच्या आधी या मशीनच्या डिस्कवर उतरला होता की नाही. मी वाचलेलं आठवत होतं: उतरायचा. बोलणं चालू असतानाच थोडा थोडा उतरायचा. डी. एन. नगर स्टेशन येईपर्यंत माझं काम कुठून सुरू करायचं ते ठरलं होतं.

स्टुडिओ एका इमारतीच्या तळमजल्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या मागे. आत शिरले तर मालक दारातच. मोठ्या आवाजाचे, मोठ्या मनाचे, आणि त्या क्षणी चेहरा पार उतरलेला.

“मॅडम, तुम्ही आधीच सांगितलं होतंत, मला माहितीये. आता तेवढं बोलू नका.”

“बोलत नाही. पाणी द्या आणि मशीन दाखवा.”

रेकॉर्डिस्टने खुर्ची सोडली. मी फाईल उघडली नाही, नुसता तिचा आकार बघितला. भलीमोठी होती. वाजायला लांबी शून्य आणि वजन एवढं! रिकामी फाईल इतकी जड नसते. मी खुर्चीत जरा मागे टेकले.

“आहे,” मी म्हटलं.

“काय आहे?” मालक.

“मावशी. आत आहे.”

आवाजाच्या फाईलीत सगळ्यात पुढे एक छोटी पट्टी असते. आत किती आवाज आहे, कुठल्या मापाचा आहे, एवढंच तिथे लिहिलेलं असतं, आणि खरा आवाज तिच्या मागे असतो. हा प्रोग्रॅम सुरुवातीला त्या पट्टीवर शून्य लिहून ठेवायचा आणि खरा आकडा अगदी शेवटी, सर्व्हरवर पाठवून झाल्यावर भरायचा. शेवट आलाच नाही, म्हणून पट्टीवर शून्यच राहिलं. वाजवणारा प्रोग्रॅम बिचारा पट्टी वाचतो आणि म्हणतो, आत काही नाही.

मी फाईलच्या दोन प्रती केल्या, एक पेनड्राइव्हवर आणि एक माझ्या लॅपटॉपवर. मूळ फाईलला हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे आणि तो मी कोणाच्याही घाईसाठी मोडत नाही. मालक मागे येरझाऱ्या घालत होते. “इथल्या इथेच करा ना,” असं दोनदा म्हणाले. मी प्रती पूर्ण होऊ दिल्या.

तेवढ्यात दार ढकलून मावशी आत आली. गळ्याला मफलर, हातात कोमट पाण्याचा थर्मास.

“माका कोण काय सांगत नाय,” ती म्हणाली. आवाज आधीच घोगरा झाला होता. मग रेकॉर्डिस्टकडे बोट केलं. “पण ह्याचां तोंड बघून समाजलां. काय गो, माझी मगर मेली?”

रेकॉर्डिस्ट खाली बघायला लागला. मालकांनी काहीतरी गोड बोलायला तोंड उघडलं, पण मी मधेच म्हटलं, “मेली नाही मावशी. फाईलमध्ये अडकलीय. काढते बाहेर.”

“माका खोटां सांगू नको हां. परत बोलूचां लागलां तर बोलतंय मी.”

“खोटं नाही. तुम्ही आता बोलू नका, फक्त बसा. मला जमतं हे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. नंतर माझ्या शेजारचं स्टूल ओढून बसली आणि थर्मासच्या झाकणात पाणी ओतून घेतलं. मला त्या वेळी भीती वाटली का, असं नंतर मुलीने विचारलं होतं. खरं सांगायचं तर नाही वाटली. आपल्याला काय येतं आणि काय नाही, हे माणसाला ठाऊक असलं की तो सरळ कामाला लागतो.

स्टुडिओतलीच एक जुनी, चांगली वाजणारी फाईल घेतली, तिच्या पट्टीवरची मापं नव्या प्रतीवर उतरवली आणि लांबीचा आकडा स्वतः हिशेब करून भरला. प्ले दाबलं.

स्पीकरमधून प्रचंड खरखर आली. आवाज नाहीच, नुसती किरकिरणारी, कान फाडणारी खरखर. मालकांनी दोन्ही हात डोक्याला लावले. “गेलं!”

“बंद कर, बंद कर,” रेकॉर्डिस्ट म्हणाला.

मी बंद केलं, पण मला उलट बरं वाटलं होतं. ती खरखर मधेमधे थांबत होती आणि परत उसळत होती. माणूस श्वास घ्यायला थांबतो तशी. म्हणजे आत बोलणं होतं, आम्ही ते चुकीच्या मापाने वाचत होतो.

“तू साउंड कार्ड बदललंस का मधे?” मी रेकॉर्डिस्टला विचारलं.

“दिवाळीनंतर. जुनं जळलं होतं. नवीन चांगलंय, जास्त बारीक आवाज पकडतं.”

“आणि मी जी फाईल घेतली ती?”

त्याने वाकून तारीख बघितली आणि कपाळावर हात मारला. “ती जुन्या कार्डवरची आहे.”

एवढंच होतं. जास्त बारीक आवाज म्हणजे प्रत्येक तुकडा जास्त जागा खाणार. मी जुन्या मापाने तुकडे पाडत होते, म्हणून प्रत्येक तुकड्याचा थोडा भाग पुढच्यात जात होता. माप बदललं, लांबीचा हिशेब परत केला, पट्टी परत लिहिली. या वेळी आवाज आधी कमी केला आणि मग प्ले दाबलं.

आधी एक श्वास ऐकू आला. मग मगर.

मी तो सीन पहिल्यांदाच ऐकत होते. ती चिडलेली होती, बेडकांना शिव्या घालत होती, कासवाला ढकलत होती, आणि त्या सगळ्या ओरडण्याखाली एक घाबरलेली बाई होती, जिला कोणी मागे राहिलेलं चालणार नव्हतं. मालक येरझाऱ्या घालायचे थांबले. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाने पुसत राहिले. मावशी मात्र अगदी कामाचा चेहरा करून, मान थोडी तिरकी ठेवून ऐकत होती. एका ठिकाणी तिने नाक मुरडलं. “हय जरा जास्त झालां,” पुटपुटली.

आणि मग मधेच आवाज तुटला. शेवटचं वाक्य नव्हतं.

मी परत वाजवून बघितलं, मग फाईलचं टोक तपासलं. तिथे खरंच काही नव्हतं. प्रोग्रॅम आवाज थोडा थोडा गोळा करून डिस्कवर टाकायचा. शेवटचा गोळा टाकायच्या आधीच खिडकी अडकली आणि बंद करताना तो पुसला गेला.

“हे मात्र नाही मिळणार,” मी म्हटलं. “जे डिस्कवर उतरलंच नाही ते मी आणू शकत नाही. बाकी सगळं आहे. शेवटचं एक वाक्य नाही.”

“त्याशिवाय सीन संपत नाही हो,” मालक म्हणाले.

मावशी उठली. मफलर सोडून स्टुलावर ठेवला. “एक वाक्य ना? मगे तोंडां कित्याक पाडून बसलात? उघडा दार.”

“मावशी, डॉक्टरांनी...” रेकॉर्डिस्ट म्हणाला.

“डॉक्टरान उद्यापासून गप ऱ्हवाक सांगितल्यान. आज नाय.”

मी त्यांना थोडं थांबवलं. तो प्रोग्रॅम मी त्या दिवशी दुरुस्त करणार नव्हते. बाई माईकसमोर उभी असताना घाईघाईने कोड बदलणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांच्यामागे झालेला पसारा आवरलाही आहे. मी रेकॉर्डिस्टला म्हटलं, आज हा प्रोग्रॅम वापरायचाच नाही. अगदी साधा रेकॉर्डर लाव, जो इथल्या इथे फाईल लिहितो आणि कुठे पाठवत नाही. दुसरी वायर माझ्या लॅपटॉपला जोडली, म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी उतरेल. सर्व्हरची केबल मी स्वतः काढून ठेवली.

मावशी काचेपलीकडे उभी राहिली. कानाला हेडफोन लावला, मागचं वाक्य ऐकलं, डोळे मिटले.

“चला रे पोरांनो, पाणी उतरलां. आता आपापल्या घराक जावा.”

स्क्रिप्टमध्ये ते वाक्य शुद्ध मराठीत होतं. दिग्दर्शकाने नंतर मावशीचंच ठेवलं. घोगरा, दमलेला आवाज होता, आणि इतका वेळ ओरडलेल्या मगरीचा आवाज तसाच असायला हवा होता. रेकॉर्डिस्टने दोन्ही तुकडे जोडून वाजवले. मला माहीत होतं म्हणून सांधा कळला, नाहीतर कळला नसता.

निघताना मावशीने माझ्या गालाला हात लावला. काही बोलली नाही, तेव्हापासूनच घसा जपायला लागली असावी. मालकांनी तिला स्वतःच्या गाडीने हॉस्पिटलला नेलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. त्यानंतर मावशी बरेच दिवस गप्प होती, पण फोनवर मालवणीत लांबलचक मेसेज पाठवायची. मी तो प्रोग्रॅम मनासारखा परत लिहीत होते आणि तिला मधेमधे विचारायचे. जुन्या प्रोग्रॅममध्ये काही बिघडलं की एक खिडकी यायची: ‘क्षमस्व, अनपेक्षित त्रुटी उद्भवली आहे.’ मी तिला फोटो पाठवला. उत्तर आलं, “ही काय सरकारी नोटीस? माणसासारखां बोल मां जरा.” मी बसून सगळ्या खिडक्यांतली वाक्यं माणसासारखी केली. सर्व्हरवर पाठवायचं काम खिडकीच्या रांगेतून काढून मागे, वेगळं ठेवलं. पट्टीवरचा आकडा शेवटी न लिहिता बोलणं चालू असतानाच सतत ताजा ठेवला. आवाजाचे गोळे लहान केले, म्हणजे जायचंच तर एखादा श्वास जाईल, वाक्य जाणार नाही.

तयार झाल्यावर स्टुडिओत गेले. मालकांना म्हटलं, “काहीतरी बोला माईकवर.” ते त्यांच्या गावच्या दशावताराबद्दल बोलायला लागले. चांगले रंगात आले, तेव्हा मी वाकून कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतून उपटला.

“अहो मॅडम!” ते काचेआडून ओरडले.

मी प्लग परत लावला. मशीन सुरू झालं, प्रोग्रॅम उघडला आणि खिडकी आली: ‘मागचं रेकॉर्डिंग अर्धवट राहिलं होतं. ते इथे सांभाळून ठेवलंय. उघडू का?’ रेकॉर्डिस्टने ‘हो’ दाबलं. दशावतार सुरू झाला, आणि ते नेमके ज्या शब्दावर होते तिथपर्यंत वाजला. मालकांना एवढी मजा आली की त्यांनी स्वतःच्या हाताने अजून किती वेळा तरी प्लग काढला. शेवटी रेकॉर्डिस्ट म्हणाला, “सर, हेही कार्ड जळेल आता.”

मावशीचा आवाज परत आला तो एक पायरी खाली उतरून, कोरडा होऊन. मगर त्यात बसत नव्हती. मालिकेचा पुढचा सीझन आला तेव्हा मगर एका दुसऱ्या बाईकडे गेली. पहिल्या दिवशी मावशी तिच्यासोबत काचेपलीकडे जाऊन बसली आणि ओरडताना पोट कुठे आवळायचं ते दाखवत राहिली. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. विचारलंही. ती म्हणाली, “वाटता गो. पण तिचां पोट बरां आसा.”

पावसाळा संपता संपता तिला स्वतःचं काम मिळालं. ऐकायच्या पुस्तकांसाठी समुद्रावरच्या लांब गोष्टी वाचायच्या होत्या, आणि निर्मात्यांना कोरडा, वय झालेला आवाजच हवा होता. पहिल्या दिवशी मी गेले, कारण इतकं लांब रेकॉर्डिंग माझ्या प्रोग्रॅमवर अजून कोणी केलं नव्हतं आणि मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. ती पूर्ण एक प्रकरण न थांबता वाचत गेली. रेकॉर्डिस्टने स्टॉप दाबलं. खिडकीच्या कोपऱ्यात सर्व्हरवर किती गेलं ते दाखवणारी एक बारीक रेघ सरकत राहिली आणि तो लगेच पुढच्या प्रकरणाचं नाव टाइप करायला लागला.

मावशी बाहेर आली, थर्मास उघडला आणि विचारलं, “ऱ्हवलां मां सगळां?”

“राहिलं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत,” मी म्हटलं.

“मगे जेवूया. माझ्या डब्यात बांगडो आसा, तुका चलता मां?”